गॅनेट हेडमध्ये कुणालाच मदत लागत नाही

ब्लॅकटाउन,
१४ ऑगस्ट २०११

प्रिय आयरिस मावशी,

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्रं लिहायची, हे मला खरं तर बरंच वाटतं. बोलताना माझं काहीतरी राहून जातं. लिहिलेलं परत वाचता येतं. तुझं मागचं पत्र मी आजीला दोनदा वाचून दाखवलं. तिला आता ठळक अक्षरंही नीट दिसत नाहीत, पण ती म्हणते की चष्मा चुकीचा आहे.

तुझी बहीण, म्हणजे आमची आजी, बरी आहे. तू गॅनेट हेड सोडून लेकाकडे, नेव्हिलकाकांकडे गेल्यापासून तुझ्या फ्लॅटमध्ये एक जोडपं राहायला आलंय. त्यांचा कुत्रा तुझ्यापेक्षा कमी घोरतो, असा निरोप तिने द्यायला सांगितलाय. मंगळवारी आणि शुक्रवारी मी कौन्सिलची छोटी बस घेऊन टेकडी चढतो, तेव्हा ती फाटकापाशी उभीच असते. पोहण्याचा पोशाख आतून घातलेला, टॉवेल गळ्यात. खाली समुद्रालगतच्या खडकातल्या कुंडाच्या पायऱ्यांवर फिलिपा असते, ती काचेच्या घरातली वकीलबाई. आजी चौथ्या पायरीवर पोचली की फिलिपा बुटाची नाडी बांधायला वाकते आणि आजी तिच्या पाठीवर हात टेकून पुढच्या पायऱ्या उतरते. शुक्रवारी मी नीट पाहिलं. फिलिपाच्या पायात चपला होत्या. 

आता मुख्य गोष्ट. मंगळवारी जनगणना झाली. आपल्या बसमधल्या नऊ जणांनी मला फॉर्म भरायला बसवलं, कारण माझं अक्षर सुवाच्य आहे आणि मी स्पेलिंग चुकत नाही. एका चौकोनात एक अक्षर, काळ्या शाईने. क्लबच्या हॉलमध्ये चहा होता, हेझल पिमने केक आणला होता. सगळं सुरळीत चाललं होतं. विसाव्या प्रश्नावर गाडी अडली. या व्यक्तीला आंघोळ, कपडे, जेवण यांसाठी कधी कुणाची मदत लागते का? आणि त्याच्या पुढचा: उठण्याबसण्यासाठी, हिंडण्याफिरण्यासाठी लागते का?

मी क्लेम ऑर्चर्डला विचारलं, "मोजे कोण घालून देतं तुला?"

"मोजे मी घालतच नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. पायाला हवा लागलेली चांगली."

"पण वाकता येत नाही म्हणून ना?"

"तू बस चालवतोस की डॉक्टरकी करतोस? लिही, नाही."

मग आजी. मी म्हटलं, "आजी, तुला बस लागते. तिथे 'कधी कधी' असाही चौकोन आहे."

"बस म्हणजे मदत नाही. बस म्हणजे बस. राणीलासुद्धा कुणीतरी गाडीतून नेतंच की."

"आणि फिलिपा?"

"ती तिची नाडी बांधते. तो तिचा प्रश्न."

नऊ जणांनी दोन्ही ठिकाणी 'नाही' लिहायला लावलं आणि मी लिहिलं. फॉर्म त्यांचा, सही त्यांची. पण घरी येताना सारखं वाटत राहिलं की फॉर्मवर खोटं लिहिलं तर दंड असतो, आणि हात माझा होता. मी बरोबर केलं ना?

तुझा,
ब्रोडी


वॉरिंगा,
२ सप्टेंबर २०११

प्रिय ब्रोडी,

बरोबर केलंस. दुसरं काही लिहिलं असतंस तर तुझ्या आजीने ते पेन तुझ्या नाकात घातलं असतं. डल्सी, तू ऐकतेयस ना? कुत्र्याला माझा नमस्कार सांग.

आमच्या घरात 'मदत' हा शब्द बुडणाऱ्या माणसासाठी राखून ठेवलेला होता. तोही ओरडायचा नाही. पाण्यातून फक्त एक हात वर करायचा, काठावरचे जीवरक्षक पोरगे काय ते समजतात. आमच्या बापाची दोन बोटं धक्क्यावर दोरखंडात गेली तेव्हा घरी येऊन त्याने शर्टाची बटणं दातांनी लावली आणि आईला म्हणाला, बटाटे आज मस्त झालेत.

इथे सकाळी दव गोठतं. गवतावर चाललं की कुरकुर वाजतं. जेवण पावणेबाराला येतं, ही कुठली वेळ! चहा आणणारी मुलगी फिजीची आहे, सालोटे. ती गाते, आणि तिला वाटतं की मला ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने गावं. माझा जनगणनेचा फॉर्म दुसऱ्यानेच भरला, मला विचारलंसुद्धा नाही. तेव्हा तू नऊ जणांना निदान विचारलंस, हेच पुष्कळ.

पोहून आल्यावर डल्सीला कोरडं कर. ती ओल्या केसांनी बसते.

आयरिस


ब्लॅकटाउन,
८ जुलै २०१२

प्रिय आयरिस मावशी,

नाताळच्या कार्डानंतर मी लिहिलं नाही, माफ कर. नेव्हिलकाकांनी घरात चहासाठी मुलगी ठेवलीय हे ऐकून आजी म्हणाली की तुझे सगळे लाड झाले. हे पत्र मात्र आजीला माहीत नाही.

जनगणनेचे आकडे आले. त्यावरून कौन्सिलने एका कंपनीकडून प्रत्येक वस्तीचं पुस्तक करून घेतलंय. आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक बाई आहे, हातात लाटांवरची फळी, शेजारी सोनेरी कुत्रा. मी बासष्ट पानं वाचली. जो शब्द अडला तो शब्दकोशात पाहिला. गॅनेट हेडचं मधलं वय त्रेचाळीस. निम्म्याहून जास्त लोकांकडे पदवी. घरटी दोन गाड्या, दर दोन घरांमागे एक नोंदवलेला कुत्रा. कॉफीची दुकानं अकरा. आणि जनगणनेच्या दिवशी शंभरातली एकोणीस घरं रिकामी होती. ती माणसं बर्फावर घसरायला गेली होती हे पुस्तकात नाही, ते मला ठाऊक आहे. त्यांची कुत्री सांभाळणारी, घरं पुसणारी, बागा कापणारी माणसं सकाळच्या सहा चाळीसच्या बसने येतात आणि चारला परत जातात. ती तिथे झोपत नाहीत म्हणून ती पुस्तकात कुठेच नाहीत. मीही नाही.

एकोणचाळिसाव्या पानावर एक ओळ आहे. रोजच्या कामांत मदत लागणारे रहिवासी: सव्वा टक्का. संपूर्ण किनाऱ्यावर सर्वांत कमी. खाली छोट्या अक्षरांत लिहिलंय की वृद्धांसाठीच्या बससारख्या सेवा जिथे गरज जास्त तिथे हलवाव्यात.

मावशी, त्या सव्वा टक्क्यात माझे नऊ जण नाहीत. मी स्वतः त्यांना बाहेर ठेवलं.

आठवड्यातून दोनदा बस आली की आजी पोहते, भाजी आणते, डॉक्टरकडे जाते. बस नसेल तर फ्लॅटपासून दुकानांपर्यंत ती टेकडी आहे, तुला माहितीय. ग्रेमकाका ब्रिस्बेनहून आईला दर रविवारी फोन करतात आणि विचारतात, जमतंय ना एकटीला? आजीचं मुखत्यारपत्र त्यांच्याकडे आहे. बस गेली तर ते फ्लॅट विकून तिला कुठल्यातरी वृद्धाश्रमात नेतील. ते वाईट नाहीत, त्यांना भीती वाटते. पण आजी तिथे टिकणार नाही.

मी जनगणनेच्या कार्यालयाला लिहिलं की उत्तरं दुरुस्त करायची आहेत. चांगलं सभ्य उत्तर आलं. भरलेला फॉर्म बदलता येत नाही. पुढची गणना चार वर्षांनी.

काय करू?

ब्रोडी


वॉरिंगा,
२२ जुलै २०१२

(हे पान तुझ्यापुरतं. डल्सीसाठी वेगळं पान जोडलंय, त्यात फक्त थंडी आणि शिव्या आहेत.)

ब्रोडी,

आधी रडं थांबव. त्याआधीच्या गणनेत आमच्या दोघींचे फॉर्म मी भरले होते. तेव्हा डल्सी मला आंघोळ घालत होती, आणि मी 'नाही' लिहिलं. तेव्हा तू पहिला नाहीस.

कागदावर जे चुकलं ते तोंडाने सुधारता येतं. कौन्सिलच्या सभेत गावातल्या माणसाला बोलायला तीन मिनिटं देतात. नऊही जणांना घेऊन जा. भाषण नको. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, खरी. क्लेमने मोज्यांची सांगावी. डल्सीने पायऱ्यांची सांगावी. लोकांना आकडे समजत नाहीत, पाय समजतात.

आणि तिला सांग की मी सांगितलंय.

आयरिस


ब्लॅकटाउन,
२१ ऑक्टोबर २०१२

प्रिय आयरिस मावशी,

सभा मंगळवारी झाली. मला सगळं क्रमाने लिहायचं आहे, म्हणजे चूक कुठे झाली ते तुला सांगता येईल.

तीन आठवडे मी त्यांच्याकडून बसमध्ये तालीम करून घेतली. बसमध्ये ते छान बोलायचे. क्लेम म्हणायचा, "माझी बायको गेल्यापासून मी मोजे घातलेले नाहीत, कारण मला माझे पाय दिसतात पण सापडत नाहीत." सगळे हसायचे. आजी म्हणायची, "मला एकतीस पायऱ्या एकटीने उतरता येत नाहीत." एवढंच. पण ते म्हणताना ती खिडकीबाहेर बघायची.

संध्याकाळी साडेपाचला मी सगळ्यांना घेऊन गेलो. नऊही जण नटून आले होते, हीच माझी पहिली चूक. हेझलने मोत्यांची माळ घातली होती. क्लेमने जुना ब्लेझर घातला, बोटींच्या क्लबचं बोधचिन्ह असलेला. आजीने केस सेट करून घेतले होते. दुकानापर्यंत कशी गेलीस असं विचारलं तर म्हणाली, चालत गेले. टेकडीवरून! 

मागच्या खुर्च्यांवर गावातली ओळखीची माणसं बसली होती. कुणी क्लेमच्या हाताखाली वल्हवायला शिकलेलं, कुणी आजीच्या हातचा जॅम खाल्लेलं. समोर टेबलावर एक दिवा. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे बसा.

क्लेम उभा राहिला. मागे वळून पाहिलं. मग म्हणाला, "बस चांगली आहे. ड्रायव्हर पोरगा चांगला आहे. पण मी तुम्हाला सांगतो, पश्चिमेकडच्या वस्त्यांमध्ये लोकांचे खरे हाल आहेत. ज्यांना गरज आहे त्यांना द्या. आमचं काय, आमचं चाललंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, मावशी. खूप वेळ. क्लेम लाल झाला आणि खाली बसला. दिवा अजून हिरवाच होता.

त्यानंतर दुसरं कुणी काय बोलणार? हेझल म्हणाली की क्लेमने सगळं सांगितलंच आहे. एकेक जण उठला आणि त्याने माझं कौतुक केलं. शेवटी आजी. अध्यक्षबाई तरुण आहेत, बोलायला मऊ. त्यांनी विचारलं, "मिसेस हॅस्केट, बस बंद झाली तर तुम्ही काय कराल?"

आजीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता.

"काय करणार?" ती म्हणाली. "चालेन. देवाने पाय दिलेत."

सगळे हसले. परत टाळ्या. कुणीतरी शिट्टीसुद्धा वाजवली.

मग मी उभा राहिलो. मी कागद लिहून नेला होता. मी वाचलं की एकोणचाळिसाव्या पानावरचा आकडा बरोबर नाही, कारण नऊ फॉर्म मी भरले आणि त्यातली उत्तरं खरी नव्हती.  अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे तुम्ही सरकारी फॉर्मवर जाणूनबुजून चुकीची माहिती लिहिलीत, असं तुमचं म्हणणं आहे का?"

नऊ जण माझ्याकडे बघत होते. सह्या त्यांच्या आहेत. दंड झाला तर त्यांना होईल असं माझ्या मनात आलं, आणि मलाही होईल असंही आलं. आधी काय आलं ते मला सांगता येणार नाही.

मी म्हणालो, "नाही."

 परत आल्यावर बसमधून उतरताना आजीने माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "चांगला बोललास हो." मला त्याचं सर्वांत वाईट वाटलं.

परवा पत्र आलं. बस २१ डिसेंबरपासून बंद. पत्रात लिहिलंय की रहिवाशांच्या उदार भूमिकेबद्दल कौन्सिल आभारी आहे.

ब्रोडी


वॉरिंगा,
४ नोव्हेंबर २०१२

ब्रोडी,

वाचताना मी क्लेमवर हसले. नंतर पत्र उलटं करून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी परत वाचलं.

तुझी चूक नाही. मीच विसरले की आपल्या माणसांना खरं बोलायला समोर एक माणूस पुरतो, आणि न बोलायला चाळीस लागतात. तू त्यांना चाळिसांसमोर उभं केलंस आणि ते मी सांगितलं म्हणून केलंस.

फिलिपाकडे गाडी आहे. तिला विचार. डल्सीला कळू देऊ नकोस की विचारलंयस.

आयरिस


ब्लॅकटाउन,
२७ जानेवारी २०१३

प्रिय आयरिस मावशी,

बस जाऊन पाच आठवडे झाले. मला कौन्सिलने बागांच्या गाडीवर घातलंय. झाडांच्या फांद्या गोळा करतो. गॅनेट हेडला रविवारी माझ्या सुट्टीत जातो, दोन बस बदलून.

फिलिपाला मी विचारलं होतं. ती लगेच हो म्हणाली. दोनदा ती गाडी घेऊन फाटकाशी आली. पहिल्यांदा आजी गेली. दुसऱ्यांदा तिने दारातूनच सांगितलं, आज सर्दी आहे. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "बस सगळ्यांसाठी येते. ती बाई माझ्यासाठी येते." मी म्हटलं, त्यात काय बिघडलं? तर म्हणाली, "परतफेड कशी करू? तिला जॅम चालत नाही. साखर खात नाही ती." मग फिलिपाचं कुटुंब सुट्टीसाठी युरोपला गेलं. त्यांच्या रस्त्यावर सध्या चार घरांत दिवे आहेत.

मागच्या रविवारी मी फाटकातून आत येताना वर पाहिलं. आजीचा पोहण्याचा पोशाख गॅलरीच्या कठड्यावर वाळत होता, पाणी टपकत होतं. मी धावतच जिना चढलो. म्हटलं, आजी, पोहलीस? कशी गेलीस? ती म्हणाली, "सकाळी." तिचे केस कोरडे होते. टॉवेल घडी करून कपाटात होता. मावशी, ती तो पोशाख नळाखाली भिजवते. खालून जाणाऱ्यांना दिसावा म्हणून.

नाताळात ग्रेमकाका आले होते. त्यांनी फ्रिज उघडून पाहिला. त्यांनी खरोखर आधी मदत आणायचा प्रयत्न केला. सरकारकडून एक बाई तपासणीला आली. तिने मदत हवी असं लिहिलं असतं तर घरी रोज कुणीतरी आलं असतं. मी आदल्या रात्री फोनवर आजीच्या हातापाया पडलो. म्हटलं, फक्त खरं सांग. तिने सकाळी चारला उठून केक भाजला, लिपस्टिक लावली, त्या बाईला स्वतः चहा ओतून दिला. बाईने विचारलं, कपडे घालायला त्रास होतो का? आजी म्हणाली, "तुम्हाला होतो का?" बाई हसली. कागदावर लिहून गेली: स्वावलंबी.

आता काका म्हणतात, मदत मिळत नाही आणि एकटी ठेवता येत नाही, तर ईस्टरनंतर फ्लॅट विकायचा. ब्रिस्बेनच्या बाहेर एक आश्रम आहे. समुद्रापासून दीड तास. तिला तिथे कुणी ओळखत नाही. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी कुठेही जात नाही," आणि माझ्या तोंडावर दार लावलं. माझ्या, काकांच्या नाही.

मला काही सुचत नाही. तू मोठी आहेस.

ब्रोडी


वॉरिंगा,
१२ फेब्रुवारी २०१३

(सगळं पत्र तुझ्यापुरतं.)

ब्रोडी,

मी नेव्हिलकडे नाही. कधीच नव्हते. नेव्हिल दोन रस्ते पलीकडे राहतो आणि रविवारी येतो. मी इथल्या इस्पितळाच्या मागच्या बाजूच्या वृद्धाश्रमात आहे, पहिल्या दिवसापासून. सालोटे नेव्हिलची मोलकरीण नाही, ती आम्हा बावीस जणांची आहे. तुला तसं वाटलं आणि मी वाटू दिलं.

का ते ऐक. गॅनेट हेडला मी न्हाणीघरात दोनदा पडले. दुसऱ्यांदा डल्सीने मला एकटीने उचललं. त्यात तिची कंबर गेली. ती तुम्हा सगळ्यांना सांगत सुटली की पायरीवरून घसरले. आणखी एकदा पडले असते तर तिने परत उचललं असतं. म्हणून मी म्हटलं, लेकाकडे जाते, आणि ती चिडून महिनाभर बोलली नाही.

आता नीट वाच. मदत घ्यायला डल्सी कुठेही जाणार नाही. ब्रिस्बेन नाही, स्वर्गसुद्धा नाही. मदत करायला मात्र ती उद्या निघेल. माझ्या समोरची खोली जानेवारीपासून रिकामी आहे. ग्रेमला सांग, तो ऐकेल, आश्रम तो आश्रम.

आणि तिला जाऊन सांग की आयरिस खोटं बोलली, आयरिस आश्रमात आहे, आणि आयरिसला आता उठता येत नाही. पहिली दोन खरी आहेत. तिसरं नाही, मी चाकांची चौकट धरून रोज फाटकापर्यंत जाऊन येते. पण सांग. समुद्र मी तिला देऊ शकत नाही. काम देऊ शकते.

आयरिस


ब्लॅकटाउन,
१० मार्च २०१३

प्रिय आयरिस मावशी,

सांगितलं. तिसरं सांगताना माझा आवाज बसला, पण ते तिला दुःखाचं वाटलं असावं.

आजी खुर्चीत होती.  म्हणाली, "दोन वर्षं! दोन वर्षं त्या मूर्ख बाईने मला दवाच्या गोष्टी ऐकवल्या." मग म्हणाली, "तिचे केस कोण विंचरतं?" मी म्हटलं, माहीत नाही. ती उठली आणि पलंगाखालची सूटकेस ओढायला लागली. मी पुढे झालो तर हात झटकला.

काकांना तिने स्वतः फोन केला. काकांना वाटलं होतं भांडण होईल. ते फोनवर रडले, असं ती म्हणाली. आता ती जिन्यात भेटेल त्याला सांगते, "बहिणीला माझी गरज आहे." तिचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. क्लेम टॅक्सी करून निरोप द्यायला आला. हेझलने माळ दिली. सगळ्यांना तिचा हेवा वाटल्यासारखं दिसलं.

फ्लॅट नऊ दिवसांत विकला गेला. घेणारे लोक फक्त शनिवार-रविवारी येणार आहेत.

मी म्हटलं, आजी, निघायच्या आधी एकदा कुंडावर जाऊ, मी सुट्टी घेतो, मी धरतो तुला. तिने कपड्यांच्या घड्या थांबवल्या नाहीत. म्हणाली, "वेळ कुठेय आता? तिकडे ती पडून असेल." चव्वेचाळीस वर्षं ती त्या पाण्यात उतरली, आणि खिडकीचा पडदासुद्धा तिने बाजूला केला नाही.

आपण हे चांगलं केलं की वाईट, ते मला ठरवता येत नाही. तुला येत असेल तर कळव. ८ एप्रिलला काका तिला गाडीने घेऊन येतील.

ब्रोडी


वॉरिंगा,
१२ मे २०१३

प्रिय ब्रोडी,

उत्तराला उशीर झाला. डल्सी मला लिहायला बसू देत नाही, हाताला ताण पडतो म्हणते. आत्ता ती स्वयंपाकघरात पावणेबाराच्या जेवणावरून भांडायला गेलीय.

ती आल्या दिवशी तिने माझ्या खोलीला, माझ्या केसांना, दोन्ही सिस्टरांना आणि या गावाला नावं ठेवली. सालोटेला चहा करायला शिकवला. सहा वाजता काठी टेकत माझ्याकडे येते, मला बसतं करते, तोंड पुसते, केस विंचरते. फार जोरात विंचरते. ती चार घास जास्त खाते आणि तिला झोप लागते. समुद्राचं नाव काढत नाही. एकदाच, वारा सुटला तेव्हा, ती बोलता बोलता थांबली आणि कान देऊन बसली. बाहेर ट्रक जात होते.

"मी नसते तर तुझं काय झालं असतं गं?" असं रोज विचारते.

"मेले असते," मी म्हणते. त्यावर ती जी खूश होते, ते तू पाहायला हवंस.

चांगलं की वाईट ते विचारलंस. मला येत नाही. पण एक सांगते आणि ते तुझ्याजवळच ठेव. ती आल्यावर आठवड्याने, ती दुपारी झोपलीय असं समजून मी चौकट घेऊन फाटकाकडे निघाले. दारापर्यंतच गेले. समोर ती उभी. तिने मला पायांवर उभं पाहिलं आणि तिचा चेहरा असा पडला, ब्रोडी, जसं कुणीतरी तिचं सामान उचलून रस्त्यावर ठेवलं. "तू चालतेस?" ती म्हणाली.

मी चौकट सोडली आणि खाली बसले. म्हटलं, "चालायला गेले, जमत नाही." ती धावली. कंबर धरून धावली आणि माझ्या काखेत हात घातले.

तेव्हापासून मी उठलेले नाही. सिस्टर रागावते. म्हणते, आणखी काही दिवस असंच बसलात तर पाय परत धरणार नाहीत, मग आम्हीही काही करू शकणार नाही. तिचं खरं आहे. आज सत्ताविसावा दिवस. सकाळी पांघरुणाखाली डावा पाय हलवून पाहिला. जड झालाय.

काठी वाजतेय. ती आली.

आयरिस